घाटाच्या अलीकडची रेंज

१ ऑगस्ट २०२४ नंतर शाळेत मला भेटायला येणाऱ्या पालकांचे प्रश्न बदलले. तोवर कबड्डीची निवड कधी, खो-खोचं शिबिर कुठे, दहावीला क्रीडा गुण मिळायला काय लागतं, एवढंच विचारलं जायचं. आता मैदानाच्या कडेला थांबून लोक विचारू लागले, "मॅडम, रायफल शूटिंगला घालायचं तर कुठे घालू?"

त्या दिवशी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात स्वप्नील कुसाळेला कांस्यपदक मिळालं होतं. अंतिम फेरीतले त्याचे गुण ४५१.४. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक मिळवलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं गेली. कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करणारा. कोकणातल्या पालकांना तो आपल्या घरातल्या मुलासारखा वाटला. नेमबाजी हा श्रीमंतांचा, लष्करातल्या लोकांचा खेळ, ही समजूत एका दुपारी सैल झाली. मला त्याचा फार आनंद झाला आणि त्याच वेळी काळजीही वाटली, कारण या खेळात पहिली रेंज चुकीची निवडली गेली तर मूल वर्षाच्या आत बंदूक खाली ठेवतं आणि पुन्हा उचलत नाही. असं होताना मी पाहिलं आहे.

मी रत्नागिरीत क्रीडाशिक्षिका आहे. कॉलेजात असताना एनसीसीच्या वार्षिक शिबिरात .२२ रायफल पहिल्यांदा हातात आली. जमिनीवर आडवं पडायचं, समोर गोळ्या अडवणारा मातीचा बट, वाट्याला पाच गोळ्या, मागे उभे हवालदारसाहेब. भर, फायर, खाली कर, हे हुकूम अजून कानात आहेत. नेमबाजीशी माझा संबंध तिथेच संपला असता. पण शालेय स्पर्धांसाठी ओपन साईट, पीप साईट आणि एअर पिस्टल अशा प्रकारांत मुलं नावं देऊ लागली आणि त्यांच्याबरोबर जायला शिक्षक हवा म्हणून मी जाऊ लागले. मुलं सराव कुठे करतात, त्यांच्यामागे कोण उभं असतं, हे बघायची सवय त्यातून लागली. कोल्हापूर, पुणे, पनवेल, मुंबईच्या रेंज पाहिल्या, आणि तालुक्याच्या गावांत कुणी हौसेनं सुरू केलेले दहा मीटरचे हॉलही.

पालक आल्या आल्या विचारतात ते असं: तिथे बंदुका कुठल्या कंपनीच्या आहेत, इलेक्ट्रॉनिक टार्गेट आहे का, कोच कुठवर खेळलेला आहे. मी आधी विचारते, घरापासून किती लांब?

रत्नागिरीकरांना हा प्रश्न टाळता येत नाही. नेमबाजी म्हटलं की पहिलं नाव कोल्हापूरचं निघतं आणि त्यात गैर काही नाही. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे आडवं पडून मारायच्या प्रकारात, विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरची, २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्टलचं सुवर्ण जिंकणारी राही सरनोबतही कोल्हापूरची. दुधाळीच्या रेंजवर गेलं की भिंतींनाही हा खेळ ठाऊक आहे असं वाटतं. पण रत्नागिरीहून कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर, मध्ये आंबा घाट. एसटीनं जायला चार तास धरायचे, पावसाळ्यात धुकं आणि दरडी वेगळ्या. दर रविवारी पहाटे उठून जाणारी मुलं माझ्या शाळेत होती. गाडीत अंग आखडलेलं, पोट ढवळलेलं, त्या अवस्थेत दीड तास लेन मिळायची आणि लगेच परतीची गाडी. सोमवारी वर्गात डोळे मिटायचे. दिवाळी जवळ येईपर्यंत जोर टिकायचा, मग सहामाहीचं निमित्त व्हायचं.

दहा मीटरच्या एअर रायफलचा सराव म्हणजे शरीराला एकाच जागी, एकाच तऱ्हेनं उभं राहायला शिकवणं. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याला धरून ठेवायचं काम पाय, कंबर, खांदा, श्वास मिळून करतात आणि हे त्यांना रोज थोडंथोडं केल्यानंच समजतं. रोज घासलेल्या लोट्याला जशी लकाकी येते तशी ही गोष्ट आहे, आठवड्यातून एकदा तासन्‌तास घासून ती येत नाही. म्हणून माझं मत पक्कं आहे. नवशिक्या मुलासाठी, घाटापलीकडच्या नामांकित रेंजपेक्षा आठवड्यातून चार-पाच संध्याकाळी सायकलनं गाठता येणारा साधा हॉल बरा. दहा मीटर अंतर सगळीकडे दहा मीटरच असतं.

मात्र तो हॉल बरा आहे की नाही हे कसं ओळखायचं? इथे मी अजिबात तडजोड करत नाही.

न कळवता जायचं. उद्घाटनाला, स्पर्धेच्या दिवशी किंवा मोफत शिबिराला नको, एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सहा-साडेसहाला, मुलं शाळेतून दमून आलेली असतात तेव्हा. मागच्या बाकावर बसून फक्त बघायचं. बंदुकांकडे नाही, बंदुकीच्या तोंडाकडे. ते कुठे वळतं आहे?

एकदा एका वडिलांबरोबर आणि त्यांच्या मुलीबरोबर मी अशाच एका हॉलमध्ये गेले होते. हॉल देखणा, वातानुकूलित, भिंतीवर मोठमोठे फोटो. एका लेनवरच्या मुलानं हातातलं पिस्टल तसंच धरून मागच्या मित्राला काहीतरी दाखवायला अर्धी गिरकी घेतली. कोच फोनवर होते. कुणी काही म्हणालं नाही, म्हणजे हे रोजचंच होतं. मी उठले. जिन्यात वडील म्हणाले, "अहो मॅडम, छऱ्याचीच तर बंदूक आहे." त्यांना मी सांगितलं ते इथेही सांगते. मॅच एअर रायफलचा साडेचार मिलिमीटरचा छरा सेकंदाला दीडशे मीटरहून जास्त वेगानं निघतो. दहा मीटरवर तो माणसाचा डोळा कायमचा घेतो. आणि ज्या मुलाला छऱ्याच्या बंदुकीचं तोंड सांभाळायची सवय लागली नाही, त्याच मुलाच्या हातात चार वर्षांनी .२२ येणार असते.

त्याच वर्षी दुसरीकडे पाहिलेला हॉल आठवतो. जुन्या इमारतीतला, भिंतीचा गिलावा पावसानं फुगलेला, टार्गेट मोटरच्या दोरीवर पुढे-मागे जाणारी. एका लहान मुलाच्या हातून छऱ्यांची डबी घरंगळून फायरिंग लाइनच्या पुढे गेली. तो वाकणार एवढ्यात मागून कोचबाईंचा शांत आवाज आला, "स्टॉप." सगळ्या लेन थांबल्या. बंदुका टेबलावर, बोल्ट उघडे, नळीत नारिंगी सेफ्टी फ्लॅग. बाईंनी एकेका लेनवर नजर फिरवली, मग मुलाला म्हणाल्या, "जा, आण." तो घेऊन आला, पुन्हा हुकूम झाला आणि पुन्हा टक-टक सुरू झाली. कुणी रागावलं नाही, कुणी हसलं नाही. माझ्या शाळेतल्या मुलींची नावं मी तिथेच दिली.

मग जागेची पाहणी. लाइन ओलांडून पुढे जाणारा दुसरा दरवाजा आहे का? असेल तर फायरिंगच्या वेळी आतून कडी हवी. टार्गेटमागे छरे अडवायला काय लावलं आहे, उसळून परत येतात का, हे जमिनीकडे पाहिलं की कळतं, लाइनच्या अलीकडे चपटे छरे पडलेले असतील तर निघून यावं. उजेड टार्गेटवर पुरेसा हवा, आंतरराष्ट्रीय नियमांत तिथे किमान १५०० लक्स सांगितले आहेत. मापायला यंत्र नसलं तरी मुलाला लेनवर उभं करून विचारावं, काळं वर्तुळ कडेनं स्वच्छ दिसतं की धुरकट. धुरकट उजेडात महिनोन्‌महिने डोळे ताणणारी मुलं नंतर चष्म्याच्या दुकानात भेटतात.

शिशाबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. छरे शिशाचे असतात. ते बोटांना लागतं, आपटल्यावर त्याची बारीक धूळ होते आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या शरीराला शिसं वाईट. चांगल्या रेंजवर हवा खेळती असते, टार्गेटमागचा भाग कोरड्या केरसुणीनं झाडून धूळ उडवत नाहीत, आत डबा उघडून खाऊ देत नाहीत आणि निघताना साबणानं हात धुवायला लावतात. बेसिन कुठे आहे, त्यावर साबण आहे का, हे मी नेहमी पाहते. आयांना हा मुद्दा लगेच पटतो. वडिलांना समजावावं लागतं.

आणखी एक गोष्ट समुद्रकाठच्या माणसानं जास्त बघावी. आजच्या एअर रायफल आणि पिस्टलमध्ये दाबलेल्या हवेचा सिलिंडर असतो, साधारण २०० बारपर्यंत भरलेला. त्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते, वापराची मुदत सहसा दहा वर्षं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच पाणी असतं. कॉम्प्रेसरला ओलावा अडवणारा फिल्टर नसेल तर ते पाणी सिलिंडरमध्ये जातं आणि आतून गंज धरतो. नळीला, ट्रिगरच्या पिनांना खारी हवा लागते. पावसाळ्यात शस्त्रं कशी ठेवता, या प्रश्नाला ज्यांनी मला कपाट उघडून दाखवलं, आतला बल्ब, सिलिका जेलच्या पुड्या, तेलाचं फडकं, त्यांच्यावर माझा विश्वास बसला. कागदी टार्गेटही दमट होऊन छऱ्याचं भोक फाटकं पडतं, मग गुण मोजताना वाद होतात. ती पत्र्याच्या डब्यात ठेवणारा माणूस बाकीच्या बाबतीतही नीटनेटका असतो.

कोच किती मोठा खेळाडू होता हे मी शेवटी विचारते. त्याआधी बघते की तो पहिल्या आठवड्यात मुलाला किती छरे देतो. चांगला कोच जवळजवळ देतच नाही. मुलाला उभं करतो, पायांतलं अंतर बघतो, कोरी पांढरी भिंत समोर ठेवून नुसतं धरायला लावतो, रिकाम्या बंदुकीनं ट्रिगर दाबायला शिकवतो. याला ड्राय म्हणतात. हे कंटाळवाणं असतं, पालकांना पैसे वाया गेल्यासारखे वाटतात आणि नेमक्या याच कारणासाठी काही ठिकाणी पहिल्या दिवशी शंभर छरे फोडू देतात आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून घरी पाठवतात. मूल खूश, घर खूश. पण त्या शंभर छऱ्यांबरोबर हाताला बसलेला ट्रिगरचा झटका सोडवायला पुढे वर्ष जातं.

दुसरं, तो मुलाचा कोणता डोळा प्रमुख आहे हे तपासतो का? उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रमुख असणं दुर्मिळ नाही. दोन मिनिटांची तपासणी आहे आणि ती न करता मुलाला उजव्या खांद्यावर रायफल लावायला शिकवणारे भेटले आहेत. तिसरं, वही. रोजचे छरे, रोजचा ग्रुप म्हणजे छऱ्यांच्या भोकांचा पुंजका, झोप किती झाली, मनात काय होतं, हे मूल लिहितं का आणि कोच ते वाचतो का. एका वेळी एका माणसाच्या नजरेखाली सहा-सात लेनपेक्षा जास्त असू नयेत असं माझं मत आहे.

रायफल की पिस्टल हा प्रश्नही कोचनं मुलाकडे पाहून सोडवायचा असतो. एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, तिच्याबरोबर कॅनव्हासचं ताठ जॅकेट, पँट, बूट. वाढत्या वयात हे कपडे लवकर लहान होतात आणि ते महाग असतात. पिस्टल दीड किलोच्या आत, कपड्यांचा खर्च नाही, पण एका हातानं धरायचं, आणि ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा दाब. बारा वर्षांच्या काटकुळ्या हाताला ते सुरुवातीला पेलत नाही. पिस्टल स्वस्त पडतं म्हणून पिस्टल, असा निर्णय घेतलेली मुलं थोड्याच दिवसांत मनगट धरून बसलेली दिसतात. रेंजकडे स्वतःची, मुलांना वापरायला मिळणारी शस्त्रं असावीत. त्यातही डावखुऱ्यासाठी काय सोय आहे, हे विचारायचं.

पावस गावाच्या बाजूचे एक बागायतदार माझ्याकडे आले होते. यंदा हापूस बरा लागलाय, मुलीला परदेशी रायफल घेऊनच टाकतो म्हणाले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की स्वतःची रायफल असल्याशिवाय प्रगती नाही. दोन-तीन लाखांची गोष्ट. मी त्यांना म्हटलं, भाऊ, वर्षभर क्लबच्या रायफलवर राहू द्या, तिची उंची थांबू द्या, तिची आवड टिकते का बघा. त्यांनी ऐकलं. पुढे मुलीनं पिस्टल निवडलं. नव्या मुलाला पहिल्याच महिन्यात शस्त्र विकत घ्यायला लावणाऱ्या ठिकाणी मी नाव देत नाही, मग तिथे कितीही पदकं टांगलेली असोत.

रेंज संघटनेशी जोडलेली आहे का, हेही आधीच बघावं, कारण राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची वाट जिल्हा संघटना, महाराष्ट्र रायफल असोसिएशन आणि तिच्यावर नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया अशी जाते. या राष्ट्रीय संघटनेची स्थापना १९५१ ची आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावानं अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा होते. मावळंकरांचं कर्तृत्व अहमदाबादचं, पण घराणं मूळचं आपल्या संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंग्याचं आणि त्यांचं सुरुवातीचं शिक्षण राजापुरात झालं. मावळंकर स्पर्धेला निघालेल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते. भारतातल्या संघटित नेमबाजीच्या मुळाशी आपल्या जिल्ह्याचं नाव आहे आणि त्यांनी ते अभिमानानं घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

दहा मीटरपर्यंत हे सगळं जमतं. त्यापुढे मात्र घाट चढावाच लागतो. २५ मीटर पिस्टल आणि ५० मीटर रायफलला .२२ लागते, आणि तिथे सगळंच बदलतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे २१ वर्षांखालच्या व्यक्तीला स्वतःचा परवाना मिळत नाही. मूल शिकणार ते क्लबच्या परवान्यातल्या शस्त्रावर, देखरेखीखाली. गोळ्या मोजून मिळतात आणि मोजून परत हिशेब द्यायचा असतो. म्हणून ही रेंज निवडताना माझे निकष वेगळे असतात. मुलानं दोनेक वर्षं जवळच्या हॉलमध्ये नीट काढली असतील, त्याचा दहा मीटरचा गुण स्थिर झाला असेल, तरच सुट्टीत महिनाभर राहायला पाठवायचं, तेही नातेवाईक किंवा वसतिगृह बघून. कोल्हापूर आहेच. पुण्यात बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलेलं. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज. दहा मीटरचंच शिक्षण वरच्या दर्जाचं हवं असेल तर पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब, कोकण रेल्वेनं सरळ जाता येतं. कुसाळे स्वतः गाव सोडून नाशिकला राहिला तेव्हा घडला, हे पालकांना सांगते, पण तो शासनाच्या निवासी प्रबोधिनीत होता, जिथे राहणं, जेवण, सराव एकाच आवारात होतं, हेही सांगते. दर रविवारच्या एसटीशी त्याची तुलना होत नाही.

अलीकडे एक विचार मला स्वस्थ बसू देत नाही. जिल्ह्यातल्या मुलांना रोज जाता येईल अशी, सर्वांना खुली ५० मीटरची रेंज इथेच का असू नये? आपल्याकडे जांभ्याच्या किती चिरेखाणी काम संपून पडून आहेत. तीन बाजूंनी सरळ कापलेल्या उंच भिंती, वस्तीपासून दूर, आत यायला एकच वाट. .२२ ची गोळी मोकळ्यावर दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, म्हणून मोकळं माळरान चालत नाही, आणि खाणीचा खड्डा इथेच उपयोगाचा ठरतो. अर्थात नुसता खड्डा पुरत नाही. दगडावर गोळी उसळते, तेव्हा समोर वाळू-मातीचा जाड बट घालावा लागेल, डोक्यावरून गोळी जाऊ नये म्हणून आडवे अडथळे उभारावे लागतील, शस्त्रांची कोठी आणि पहारा लागेल, पोलीस आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी लागेल. सगळ्यात मोठी अडचण पाण्याची. जुलैत या खाणी तळी होतात. चर खणून एका बाजूनं पाणी बाहेर काढता येईल अशी, उतारावरची खाणच निवडावी लागेल. एका निवृत्त अभियंत्याला बरोबर घेऊन मी अशा काही खाणी पाहिल्या, लांबी मोजली, कुठल्या भिंतीमागे वाडी आहे आणि कुठल्या भिंतीमागे नुसता कातळ, हे नकाशावर लिहून घेतलं. उत्तरेकडे तोंड करून नेम धरता आला तर दिवसभर ऊन डोळ्यांवर येत नाही, त्यामुळे काही जागा तेवढ्यावरच बाद झाल्या. उरलेल्या जागांच्या सात-बाऱ्याचे उतारे तलाठ्याकडून मिळाले की पावसाळ्यापूर्वी अर्ज क्रीडा अधिकाऱ्यांकडे द्यायचा आहे. अर्जावर सही करायला पालक तयार आहेत, पावसचे बागायतदार त्यात पहिले.